टॉवरची नोंद: पुरावा किती, पाळत किती



स्मृतिव्याख्यानासाठी मोबाइल टॉवरसारखा विषय का निवडला, हे आधी सांगायला हवे. कुठल्याही गंभीर गुन्ह्याच्या तपासाची बातमी वाचा. ‘सीडीआर काढले’, ‘टॉवर लोकेशन मिळाले’, ‘लोकेशन ट्रेस करून ताब्यात घेतले’ यांपैकी एखादे वाक्य तिच्यात बहुधा असतेच. ही वाक्ये आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की त्या नोंदीत नेमके काय लिहिलेले असते, ते किती भरवशाचे असते, ती कोणाच्या ताब्यात असते आणि कोणाच्या सांगण्यावरून बाहेर येते, हे प्रश्न विचारायचे राहून जातात. माझे म्हणणे थोडक्यात असे: टॉवरची एखाददुसरी नोंद माणूस अमुक जागी होता हे सिद्ध करायला अपुरी असते, पण त्याच नोंदींची काही महिन्यांची मालिका त्याचे आयुष्य उघडे करायला पुरेशी असते. आपली व्यवस्था मात्र एकट्या नोंदीवर वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकते आणि मालिका फारशी आडकाठी न करता हाती देते. हा क्रम बदलायला हवा. तो का आणि कसा, हे सांगण्यासाठी आधी ही नोंद जन्माला कशी येते ते पाहावे लागेल.

मोबाइलचा ठावठिकाणा म्हटले की जीपीएस आठवते. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. मोबाइल किमान चार उपग्रहांचे संकेत ऐकतो, ते पोचायला लागलेल्या वेळांतला फरक मोजतो आणि स्वतःची जागा स्वतः काढतो. या व्यवहारात तो फक्त ऐकतो. उपग्रहाला तुमचा पत्ता कळत नाही, कारण मोबाइल त्याला काही सांगतच नाही. जागा कळते ती मोबाइलला. एखाद्या अ‍ॅपने ती पुढे पाठवली तरच तिसऱ्याला कळते. म्हणून जीपीएस बंद करता येते, अ‍ॅपला परवानगी नाकारता येते. टॉवरच्या बाबतीत सारा व्यवहार उलट दिशेने चालतो. इथे जागा जाळ्याला कळते आणि मोबाइलच्या मालकाला तिची खबरही नसते. सेटिंगमध्ये जाऊन ‘लोकेशन’ बंद केले तरी टॉवरच्या नोंदीत काही फरक पडत नाही. ती थांबवायची तर मोबाइल बंद करावा लागतो किंवा फ्लाइट मोडवर टाकावा लागतो, म्हणजे तो फोन म्हणून वापरायचाच नाही.

याचे कारण तंत्राच्या मुळाशी आहे. सारा प्रदेश छोट्या छोट्या क्षेत्रांत वाटायचा आणि दूरच्या क्षेत्रांत त्याच लहरी पुन्हा वापरायच्या, ही कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये मांडली गेली. थोड्या लहरींत कोट्यवधी माणसे बोलू शकतात ती या वाटणीमुळे. पण वाटणी केली की प्रश्न येतो: तुम्हाला फोन आला तर तो कुठल्या क्षेत्रात वाजवायचा? देशभरच्या सगळ्या टॉवरवरून एका माणसाला हाका मारणे परवडणारे नाही. म्हणून मोबाइल स्वस्थ पडलेला असतानाही अधूनमधून जाळ्याला आपली हजेरी देतो आणि मोठ्या विभागाची हद्द ओलांडली की नव्याने कळवतो. बोलणे किंवा डेटा सुरू झाला की जाळ्याला तो नेमक्या कुठल्या क्षेत्रात आहे तेही ठाऊक असावे लागते, कारण चालत्या गाडीतले संभाषण एका टॉवरकडून दुसऱ्याकडे न तुटता सोपवायचे असते. ठावठिकाणा कळणे ही फोन येण्याची पूर्वअटच आहे. त्यामुळे ‘ज्याला नको असेल त्याने ही सोय वापरू नये’ असे टॉवरबाबत म्हणता येत नाही. माझ्या पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हा आहे.

आता नोंदीत काय असते ते पाहू. सीडीआर म्हणजे कॉलचा तपशील: कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकाला, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या सिमवरून, कोणत्या हँडसेटवरून, आणि सुरुवातीला व शेवटी कोणत्या सेलमधून, म्हणजे वर सांगितलेल्या कोणत्या क्षेत्रातून. सेलचा हा ओळखक्रमांक म्हणजेच पोलिसांच्या बोलीतले टॉवर लोकेशन. भारतातल्या सेलच्या पूर्ण ओळखीची सुरुवात ४०४ किंवा ४०५ या देशाच्या आकड्यांनी होते, मग कंपनी, मग विभाग, मग सेल. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात, म्हणून एक सेल म्हणजे टॉवरभोवतीच्या वर्तुळाचा जवळपास एक तृतीयांश भाग. चित्रपटांत दिसते तशी तीन वर्तुळे एकमेकांना छेदून एका बिंदूवर येत नाहीत. अनेक टॉवरकडून अंतर मोजून जागा काढण्याची पद्धत आहे, पण ती मोबाइल चालू असताना मुद्दाम वापरावी लागते; मागाहून काढलेल्या सीडीआरमध्ये सहसा एकच सेल असतो. जुन्या जीएसएम जाळ्यात संकेताच्या विलंबावरून अंतराचा अंदाज बांधता येई, पण त्याची एक पायरीच सुमारे ५५० मीटरची होती आणि एका सेलची पोच ३५ किलोमीटरपर्यंत जाऊ शके. फोरजीत ती पायरी सुमारे ७८ मीटरवर आली. तरी हे मोजमाप कॉलच्या सामान्य नोंदीत सहसा उतरत नाही. अमुक माणूस या वाडीत आहे एवढे कळणे आणि तो वाडीतल्या कुठल्या घरात आहे हे कळणे यांत जेवढे अंतर, तेवढेच सेल आणि प्रत्यक्ष जागा यांच्यात आहे.

शिवाय मोबाइल सर्वांत जवळचाच टॉवर पकडतो, ही समजूतही खरी नाही. त्या क्षणी ज्याचा संकेत जोरदार आणि ज्याच्याकडे जागा शिल्लक, तो टॉवर पकडला जातो. इमारती आड येतात, अँटेना खाली-वर झुकवलेले असतात, गर्दीच्या वेळी जाळे भार दुसरीकडे वळवते. महाराष्ट्राचा भूगोल तर या बाबतीत फार शिकवणारा आहे. पाण्यावरून लहरी लांब जातात, म्हणून खाडीच्या एका काठावरचा मोबाइल पलीकडच्या काठावरचा टॉवर धरू शकतो. घाटमाथ्यावरच्या टॉवरचा संकेत खाली कोकणातल्या गावाला मिळू शकतो आणि मधल्या घळीतल्या वस्तीला मात्र मिळत नाही. सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या सीमेवर घरातून न हलता मोबाइल दुसऱ्या राज्यातला टॉवर धरू शकतो. या प्रत्येक वेळी नोंद खरीच असते, जाळ्याने काहीही खोटे लिहिलेले नसते. चूक होते ती ‘या सेलने या मोबाइलला सेवा दिली’ या विधानाचा अर्थ ‘हा माणूस टॉवरपाशी होता’ असा लावताना. त्या अर्थात आणखी एक उडी दडलेली असते. सेलला सिम आणि हँडसेट कळतो. तो त्या वेळी कोणाच्या खिशात होता हे कळत नाही.

एकट्या नोंदीवर भिस्त ठेवली तर काय होते, याचे उदाहरण डेन्मार्कने घालून दिले आहे. टॉवरच्या कच्च्या माहितीचे तपासाला वापरता येईल अशा रूपात रूपांतर करताना काही तपशील गळत होता, असे तिथे २०१९ मध्ये लक्षात आले. पुढे आणखी दोष निघाले: काही टॉवरच्या जागाच चुकीच्या नोंदल्या होत्या, आणि काही मोबाइल एकाच वेळी एकमेकांपासून फार दूरच्या टॉवरशी जोडलेले दिसत होते. तेव्हा देशाच्या सरकारी अभियोग विभागाने खटल्यांत हा पुरावा वापरणे दोन महिने थांबवले आणि २०१२ पासूनच्या सुमारे १०,७०० प्रकरणांची फेरतपासणी हाती घेतली. डेन्मार्क हा छोटा, सुसंघटित, उत्तम नोंदी ठेवणारा देश. तिथेही सात वर्षे हा दोष न्यायालयांच्या नजरेतून निसटला, कारण छापील तक्त्यात आकड्यांच्या रूपाने समोर आलेल्या गोष्टीची उलटतपासणी कोणी मुळापासून केली नाही. साक्षीदार चाचरतो, विसंगत बोलतो, त्यामुळे त्याच्यावर शंका घेतली जाते. तक्ता चाचरत नाही. त्याची परीक्षा मुद्दाम ठरवूनच घ्यावी लागते.

आपल्याकडे ती घेतली जाते का? इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत आपल्या न्यायालयांनी बराच विचार केलेला आहे. ‘अन्वर पी. व्ही. विरुद्ध पी. के. बशीर’ या २०१४ च्या निकालाने पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती आवश्यकता पक्की केली आणि तपासात घेतलेले सीडीआर मोबाइल कंपन्यांनी सुरक्षित जपावेत असेही बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले, त्यातला एक तज्ज्ञाचा, आणि नोंदीत फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी हॅश देणेही आले. ही सगळी प्रगती स्वागतार्ह आहे. पण प्रमाणपत्र एवढेच सांगते की ही नोंद कंपनीच्या संगणकातून जशी निघाली तशीच आहे. त्या दिवशी त्या सेलची व्याप्ती किती होती, शेजारचा टॉवर बंद होता का, आरोपीचे घरही त्याच सेलमध्ये येते का, याबद्दल ते काहीच सांगत नाही. नोंद अस्सल असणे आणि तिचा लावलेला अर्थ बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी आपण कायदा केला, दुसरी अजून वकिलाच्या चिकाटीवर सोडलेली आहे. ज्या आरोपीला चांगला वकील परवडत नाही, त्याच्या वाट्याला ही चिकाटी येत नाही. वास्तविक नकारात्मक बाजूने ही नोंद भक्कम असते: मोबाइल नागपूरच्या सेलमध्ये होता, तर त्याच मिनिटाला तो मुंबईत नव्हता. होकारार्थी बाजूने मात्र ती एवढेच म्हणते, की तो या परिसरात असू शकतो. त्याच परिसरात त्या क्षणी हजारो माणसे असू शकतात.

एवढे ऐकल्यावर कोणाला वाटेल, की नोंद इतकी ढोबळ असेल तर तिच्यापासून खासगीपणाला धोका तरी कसला? माझ्या विषयाचा कणा इथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे श्पित्स यांनी आपल्याच मोबाइल कंपनीकडून स्वतःच्या सहा महिन्यांच्या नोंदी कायदेशीर मार्गाने मिळवल्या आणि २०११ मध्ये ‘दी त्साइट’च्या संकेतस्थळावर त्या नकाशासह प्रसिद्ध केल्या. त्या ३५,००० हून अधिक होत्या. एकेक नोंद पाहिली तर ती ढोबळच. पण सगळ्या ओळीने लावल्यावर ते कुठे झोपतात, कधी उठतात, कुठल्या रेल्वेने कुठे जातात, कुठल्या सभेला होते, हे सगळे दिसू लागले. याचे कारण साधे आहे. एका रात्रीचा सेल तुमचे घर सांगत नाही. पण शंभर रात्रींचा तोच सेल आणि शंभर दुपारींचा दुसरा सेल मिळून तुमचे घर आणि तुमची नोकरी सांगतात, कारण या दोन्ही सेलमध्ये याच क्रमाने राहणारी माणसे फार थोडी असतात. २०१३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात इव्ह-अलेक्सांद्र द मोंजोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदींवरून हेच गणिताने दाखवले. जागा टॉवरइतकी ढोबळ आणि वेळ तासाइतकी ढोबळ धरली, तरी केवळ चार नोंदी ९५ टक्के माणसांना इतरांपासून वेगळे काढायला पुरेशा ठरल्या. नाव काढून टाकले की माहिती निनावी होते, हा समज या अभ्यासाने निकालात काढला.

एकटी नोंद ढोबळ आणि मालिका बोलकी, या दोन गुणांमधला ताण न्यायालयात सर्वांत स्पष्टपणे दिसला तो अमेरिकेतल्या ‘कार्पेंटर विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात. मिशिगन आणि ओहायो राज्यांतल्या दुकानांवरच्या दरोड्यांचा तपास करताना एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या टॉवर नोंदी मिळवण्यात आल्या. एकूण नोंदी १२,८९८. दिवसाला सरासरी १०१. त्यासाठी झडतीचे रीतसर वॉरंट घेतलेले नव्हते. त्याहून कमी निकष असलेल्या आदेशावर काम भागले होते. सरकारची बाजू अशी, की ही नोंद ढोबळ आहे. एक सेल म्हणजे एक अष्टमांश ते चार चौरस मैलांचा पट्टा, त्यावरून कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावता येत नाही. पण त्याच सरकारने खालच्या न्यायालयात ज्युरीला सांगितले होते, की दरोड्याच्या नेमक्या वेळी आरोपी नेमक्या त्याच ठिकाणी होता. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या निकालपत्रात ही विसंगती टिपली. २२ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले, की सात दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या टॉवर नोंदी हव्या असतील तर वॉरंट लागेल. बँकेला किंवा फोन कंपनीला स्वेच्छेने दिलेल्या माहितीवर खासगीपणाचा हक्क उरत नाही, हे १९७० च्या दशकातले तत्त्व न्यायालयाने इथे लावले नाही. माणूस टॉवरला माहिती देण्यासाठी काही करत नाही, मोबाइल चालू ठेवणे एवढेच करतो, असे त्यामागचे कारण होते. या निकालाने त्या आरोपीची सुटका झाली नाही. पोलिसांनी त्या वेळच्या कायद्यावर विसंबून प्रामाणिकपणे काम केले म्हणून त्याची शिक्षा पुढे कायम राहिली. म्हणजे तत्त्व मान्य करूनही दरोडेखोर मोकळा सुटला नाही, हे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

मालिका एकाच माणसाची असते असेही नाही. एखाद्या टॉवरवर ठरावीक वेळात हजर असलेल्या सगळ्या मोबाइलची यादी काढणे, याला टॉवर डंप म्हणतात. साक्षीदार नसलेल्या गुन्ह्यात त्याचा उपयोग होतो, हे मान्यच आहे. पण त्या यादीत गुन्हेगार एखादा आणि बाकी सारे वाटसरू, शेजारी, दुकानदार असतात. ही यादी सत्तेच्या हाती काय करू शकते, ते जानेवारी २०१४ मध्ये कीव्हमध्ये दिसले. सरकारविरोधी निदर्शने चालू असलेल्या भागातल्या लोकांच्या मोबाइलवर, तुमची सामूहिक दंगलीतले सहभागी म्हणून नोंद झाली आहे, अशा अर्थाचा संदेश येऊन थडकला. मोबाइल कंपन्यांनी तो आपण पाठवल्याचे नाकारले. पाठवणारा कोणीही असो, रस्त्यावर उभे राहणे एवढ्यावरून माणसांची यादी करता येते आणि त्यांना धाक घालता येतो, हे साऱ्या शहराला कळले. सभेला जाण्याचा हक्क कागदावर शाबूत राहूनही लोक सभेला जायचे सोडू शकतात, ते असे.

आता आपला कायदा. संभाषण चोरून ऐकण्याबाबत आपल्याकडे बरीच कडक चौकट आहे. ‘पीयूसीएल’ खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की फोन टॅप करायचा तर गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश हवा आणि त्याची समितीकडून पडताळणी व्हावी. २०२४ च्या नव्या नियमांतही ही चौकट मूलतः टिकून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ‘विनीत कुमार विरुद्ध सीबीआय’ या २०१९ च्या निकालात असे बेकायदा ठरलेले टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. पण माणूस दोन वर्षे कुठे कुठे गेला हे जाणून घ्यायला यांतले काही लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ दस्तऐवज मागवण्याचा अधिकार न्यायालयाप्रमाणे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही देते. प्रशासकीय सूचनांमुळे सीडीआरची मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत जाते, एवढाच काय तो अडसर. डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून या नोंदी जपण्याची किमान मुदत एका वर्षावरून दोन वर्षे करण्यात आली. म्हणजे शंभर कोटींहून अधिक जोडण्यांच्या ठावठिकाण्याचा दोन वर्षांचा साठा तयार असतो आणि त्याचे कुलूप पोलीस खात्याच्याच पत्राने उघडते. हे कुलूप किती कच्चे आहे, ते ठाणे पोलिसांनीच २०१८ मध्ये उघडकीस आणले. सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्या साखळीत त्यांनी खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही इथे फारसा कामी येत नाही, कारण गुन्ह्याचा तपास आणि सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणा यांना त्यात मोठी सूट आहे.

घटनेच्या कसोटीवर ही स्थिती टिकणारी नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय, या अटी घातल्या. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने, जामिनावरच्या आरोपीने गूगल मॅपवर आपली जागा पोलिसांना दाखवत राहावे ही अट घालता येणार नाही, असा निर्णय दिला. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावरही सतत नजर ठेवणे घटनेत बसत नसेल, तर ज्याच्यावर काहीच आरोप नाही अशा माणसाच्या मागच्या दोन वर्षांच्या हालचाली एका पत्रावर मिळाव्यात, हे प्रमाणाच्या कुठल्या अर्थाने योग्य ठरेल?

आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर देणे माझे काम आहे. पहिला आक्षेप वेळेचा. मूल पळवले गेले, घाटात दरीत कोणी अडकले, तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची वाट पाहायची का? अजिबात नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा अधिकाऱ्याने तत्क्षणी ठावठिकाणा मागवावा आणि २४ तासांत न्यायालयाला कारणासह कळवावे. कार्पेंटर निकालानेही तातडीचा असा अपवाद ठेवलेला आहे. मदतीसाठी फोन करणाऱ्याची जागा जाळ्याने कळवावी, असे नियम अमेरिकेने १९९६ पासूनच आणले आणि पुढे जाळ्यावर आधारित पद्धतीसाठी ६७ टक्के कॉल १०० मीटरच्या आत, ९५ टक्के ३०० मीटरच्या आत, असे मानक ठरवले. आपल्या ११२ क्रमांकामागेही हीच कल्पना आहे. पण तातडी असते ती आत्ताच्या ठावठिकाण्याची. गेल्या मार्चमध्ये माणूस कुठे होता, हे कळायला दोन दिवस उशीर झाल्याने कोणाचा जीव जात नाही. तातडीच्या कारणाने सैल केलेला दरवाजा जुन्या नोंदींसाठीही सैलच ठेवणे, ही या आक्षेपातली गफलत आहे.

दुसरा आक्षेप असा, की ज्याने काही केले नाही त्याने घाबरायचे कशाला? याचे उत्तर डेन्मार्कमधून आणि कीव्हमधून एकदमच मिळते. काही न केलेला माणूस चुकीच्या टॉवरमुळे संशयित होऊ शकतो, आणि काही न केलेला माणूस सभेला गेला म्हणून यादीत येऊ शकतो. शिवाय गुपित म्हणजे गुन्हा, असे समीकरण धरणेच चूक आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा रुग्ण, दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला गेलेला कर्मचारी, बातमीच्या स्रोताला भेटायला गेलेला पत्रकार, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहणारी स्त्री, यांपैकी कोणी गुन्हेगार नाही. पण यांतल्या प्रत्येकाचा ठावठिकाणा चुकीच्या हाती गेला तर त्याचे किंवा तिचे भरून न येणारे नुकसान होते.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत वजनदार वाटतो: हीच नोंद निरपराधाला वाचवू शकते, मग ती मिळवणे अवघड का करायचे? हे खरे आहे. अमली पदार्थांच्या एका खटल्यात ‘सुरेश कुमार विरुद्ध भारत सरकार’ या २०१४ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला तपास अधिकाऱ्यांच्या मोबाइलच्या नोंदी मागवू दिल्या, म्हणजे ते सांगतात त्या जागी होते का हे तपासता यावे; त्यातले इतर लोकांचे क्रमांक मात्र झाकायला सांगितले. हा आदेश माझ्या म्हणण्याचा उत्तम नमुना आहे. नोंद उपलब्ध झाली, ती न्यायालयामार्फत झाली, कामापुरतीच झाली आणि तिऱ्हाइतांचे क्रमांक झाकलेले राहिले. बचाव पक्षालाही हाच हक्क आणि हीच मुदत हवी, कारण आरोपपत्र यायला उशीर झाला आणि तोवर नोंदी पुसल्या गेल्या तर निरपराधाचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून तक्रार नोंदली जाताच संबंधित नोंदी न उघडता जपून ठेवण्याचा आदेश दोन्ही बाजूंना सहज मिळावा आणि त्या उघडण्याचा आदेश न्यायालयाने द्यावा. जपणे आणि पाहणे वेगळे केले, की या आक्षेपातला बराचसा पेच सुटतो.

चौथा आक्षेप लोककल्याणाचा. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर संशोधकांनी सुमारे १९ लाख सिमच्या हालचालींवरून राजधानीतून लोक कुठे गेले हे शोधले आणि मदत कुठे पाठवायची याचा अंदाज त्यातून आला. हा उपयोग मोलाचा आहे. पण त्यासाठी हवे असतात ते समूहाचे आकडे, या भागातून त्या भागात किती माणसे गेली एवढेच. एका माणसाची रेषा बाहेर द्यावी लागत नाही. वादळाचा किंवा पुराचा इशारा द्यायला तर एवढेही लागत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये देशभर ज्या सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या झाल्या, त्यात टॉवर आपल्या पट्ट्यातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम संदेश पोचवतो. तिथे कोण आहे हे त्याला पाहावेच लागत नाही. लोकांचे भले करायला लोकांवर पाळत ठेवावीच लागते, असे मानणे तंत्राच्या दृष्टीनेही चूक आहे.

श्रोतेहो, या सगळ्यातून काय करायचे ते मी चार मागण्यांत मांडतो. ठरावीक दिवसांहून जास्त काळाच्या टॉवर नोंदी आणि प्रत्येक टॉवर डंप न्यायालयाच्या कारणमीमांसा केलेल्या आदेशानेच मिळावा. किती दिवस, हे संसदेने ठरवावे, पण मुदत हवी. खटल्यात टॉवरची नोंद दाखल करणाऱ्याने सेलची प्रत्यक्ष व्याप्ती आणि त्यातली अनिश्चितता नकाशासह सांगावी, आणि त्यावर आरोपीच्या तज्ज्ञाला बोलू द्यावे. नोंद कोणी, कधी, कोणत्या प्रकरणात मागितली याचा हिशेब ठेवला जावा आणि तपास संपल्यावर, आरोप नसल्यास, त्या माणसाला ते कळवले जावे. आणि डंपमधल्या असंबद्ध लोकांच्या नोंदी ठरावीक मुदतीत नष्ट व्हाव्यात. यांतली एकही मागणी पोलिसांच्या हातून साधन काढून घेत नाही. उलट, अनिश्चितता मोकळेपणाने सांगितलेला पुरावा अपिलात टिकतो आणि लपवलेला उघडा पडतो, म्हणून प्रामाणिक तपास अधिकाऱ्याला यात बळच मिळेल.

हे काम आताच करायला हवे, कारण तंत्र थांबणार नाही. फोरजी-फाइव्हजीत टॉवर दाट होत आहेत, सेल लहान होत आहेत, अँटेना अरुंद झोतात संकेत सोडू लागले आहेत. मोबाइलही दिवसभर मागच्या मागे डेटा घेत असल्याने नोंदींची संख्या वाढत आहे. आज जी ढोबळ नोंद आहे ती उद्या खोलीपर्यंत पोचेल, आणि तेव्हा ‘ही तर ढोबळच आहे’ हे समर्थनही उरणार नाही. एकट्या नोंदीकडे संशयाने पाहणे आणि नोंदींच्या मालिकेवर कडक पहारा ठेवणे, या दोन्ही सवयी आपल्या न्यायव्यवस्थेने अंगी बाणवल्या, तर टॉवर नागरिकाला जोडणारे साधन राहील. त्या बाणवल्या नाहीत, तर ज्या नागरिकाच्या पैशातून हे जाळे उभे राहिले, त्याच्याच विरुद्ध त्याची हजेरी लिहिली जाईल. ती कोणत्या अटींवर उघडली जावी, हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो आपण आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागितला पाहिजे.